आमचे ६३ वर्षांचे अज्ञान काका

आमच्या भावकीत एक काका आहेत, वय वर्षं ६३, बीपीची गोळी चालू, दोन नातवंडं शाळेत जातात. पण सातबारा काढला की काकांच्या नावापुढे अजून अ.पा.क. असं लिहिलेलं येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे खातेदार अज्ञान (कायद्याच्या भाषेत अल्पवयीन) आहे आणि त्याच्या वतीने पालक बघतोय. आजोबा गेले तेव्हा काका लहान होते, म्हणून जमीन त्यांच्या नावावर चढवताना पालनकर्ती म्हणून त्यांच्या आईचं नाव लागलं. आई जाऊनही आता वीस वर्षं होत आली, काकांचे केस पांढरे झाले, आणि रेकॉर्डला मात्र ते अजून हाफ चड्डीतच आहेत.

घरात यावर भरपूर हसून झालं. बँकेत कर्जाचं काम अडलं तेव्हा हसू थांबलं. माझं पोट डेटाबेसवर चालतं त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले, की तू कॉम्प्युटरवाला आहेस तर बघ काय चूक आहे ते. मी बघितलं तर गंमत अशी की चूक काहीच नाहीये. ज्या दिवशी ती नोंद घातली त्या दिवशी ती शंभर टक्के बरोबर होती. फक्त ती कुठपर्यंत बरोबर राहणार हे कुणी लिहिलंच नाही. शेजारी जन्मतारीख असती तर कुठल्याही मशीनला १८ वर्षं मोजता आली असती, पण ती नव्हती, आणि कागदावरून कॉम्प्युटरवर टाइप करताना टायपिस्टने जे दिसलं ते इमानदारीत टाइप केलं. म्हणजे माहिती आली, माहितीचा संदर्भ मागेच राहिला.

मला हेच म्हणायचंय या लेखात, जरा सविस्तर. सध्या सरकारपासून बँकेपर्यंत सगळ्यांना डेटाबेस एकमेकांना जोडायची घाई झालीय, हा आयडी त्या आयडीला लिंक करा, सगळं एका क्लिकवर आणा. जोडायला माझा विरोध नाही. पण प्रत्येक नोंदीसोबत ती कुणी सांगितली, कधी सांगितली, कशासाठी सांगितली, कुठपर्यंत लागू आहे, एवढं जपल्याशिवाय जोडणी केली तर आपण चुका जोडत नाही, त्याहून वाईट म्हणजे एकेकाळी बरोबर असलेल्या गोष्टी चुकीच्या जागी जोडतो. आणि ते शोधायला फार अवघड जातं कारण प्रत्येक टेबल आपापल्या जागी खरंच बोलत असतं.

आता 'कॉन्टेक्स्ट', म्हणजे संदर्भ, हा शब्द एआयवाल्यांनी पळवून नेलाय, पण कॉम्प्युटरच्या संशोधनात तो बराच जुना आहे. १९९० च्या आसपास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी लॅबमध्ये लोकांच्या छातीवर एक बिल्ला लावायचे, अ‍ॅक्टिव्ह बॅज नावाचा, माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळायचं आणि रिसेप्शनिस्ट फोन त्या खोलीत वळवायची. १९९४ मध्ये 'कॉन्टेक्स्ट-अवेअर' हा शब्द संशोधनपत्रांत आला. २००१ मध्ये संशोधक अनिंद डे यांनी केलेली व्याख्या आजही सगळे देतात, की एखाद्या व्यक्तीची, जागेची किंवा वस्तूची परिस्थिती समजायला जी जी माहिती उपयोगी पडेल ती सगळी संदर्भ. व्याख्या चांगली आहे पण इतकी ऐसपैस आहे की तिच्यात काहीही कोंबता येतं. प्रत्यक्षात झालं असं की संदर्भ म्हणजे लोकेशन, संदर्भ म्हणजे जीपीएस, एवढाच अर्थ मोबाईलमुळे घट्ट बसला.

डेटाबेसवाल्यांचं कुटुंब वेगळं. तिकडे १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉडने रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत, ठेवायची पद्धत) मांडलं, तो पेपर 'मोठ्या सामायिक डेटा बँकां'साठी होता. या 'सामायिक' शब्दाकडे फारसं कुणी बघत नाही, पण सगळी गोम तिथेच आहे. माहिती सामायिक झाली म्हणजे लिहिणारा एक आणि वाचणारा भलताच कुणीतरी. पूर्वी तलाठ्याने लिहिलेलं तलाठीच वाचायचा, त्याला गाव माहीत होतं, कुठला शिवा कुठल्या शिवाचा पोरगा ते माहीत होतं, निम्मा संदर्भ त्याच्या डोक्यात होता. (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्याकडे अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतात.) तीच नोंद जेव्हा मुंबईतलं सर्व्हर वाचतं, बँकेचं सॉफ्टवेअर वाचतं, दिल्लीतल्या योजनेचं पोर्टल वाचतं, तेव्हा भाऊसाहेबांचं डोकं काही वायरीतून जात नाही. म्हणजे डेटा जितका जास्त लोक वाचणार तितका जास्त संदर्भ नोंदीतच लिहायला हवा. आपण नेमकं उलटं केलं, वाचणारे वाढवले आणि नोंद आखूड केली.

आणि खरं सांगायचं तर हे सगळं आपल्या महसूल खात्याला कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून येत होतं. गंमत म्हणून बोलत नाहीये. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, गाव नमुना सात आणि बारा, पण त्याचा खरा जीव गाव नमुना सहामध्ये आहे, फेरफार नोंदवहीत. खरेदी झाली, वाटणी झाली, वारस लागले, बोजा चढला, उतरला, काहीही झालं की आधी फेरफाराला नोंद, तिला क्रमांक, कुणी वर्दी दिली, कुठल्या कागदाच्या आधारे, मग नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर किंवा रद्द करणार, आणि त्यानंतर सातबाऱ्यावर बदल, तोही फेरफार क्रमांकासकट. मंजुरी होईपर्यंत जुने तलाठी सातबाऱ्यावर पेन्सिलने लिहून ठेवायचे. आमच्या धंद्यात याला कमिट न झालेलं ट्रान्झॅक्शन (सुरू झालेला पण अजून पक्का न झालेला बदल) म्हणतात आणि त्यावर आख्खी पुस्तकं आहेत, इथे एक अप्सरा पेन्सिल ते काम करत होती.

आणि जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. हा कंस मला फार आवडतो. कंस म्हणजे 'हे आता लागू नाही पण हे होतं.' डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर वरून लिहायचं नाही, शेजारी लिहायचं. बर्कलेच्या मायकेल स्टोनब्रेकरने १९८० च्या दशकात पोस्टग्रेस नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर बांधायला घेतलं तेव्हा नेमकी हीच कल्पना त्यात घातली, रेकॉर्ड बदललं तरी जुनं पुसायचं नाही, आणि वाटेल तेव्हा मागच्या तारखेला जाऊन बघायचं. त्याला टाइम ट्रॅव्हलच म्हणायचे. पण पुढे १९९७ च्या सुमारास ती सोय काढून टाकली, कारण डिस्क महाग होती आणि स्पीड मार खात होता. आजही पोस्टग्रेस जुन्या ओळी लगेच पुसत नाही, पण मग व्हॅक्यूम नावाचा झाडूवाला येतो आणि सगळं साफ करून जातो. म्हणजे बघा, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जे परवडत नाही म्हणून सोडलं ते आमच्या चावडीत लाल कापडात बांधून ठेवलेलं होतं.

बरं, हे नुसतं परदेशातलंच संशोधन आहे असंही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. नंदलाल सारडा यांनी १९९० च्या सुमारासच इतिहास धरून ठेवणाऱ्या डेटाबेससाठी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) कसं वाढवायचं यावर काम केलं होतं, एचएसक्यूएल नावाने ते ओळखलं जातं. १९९६ मध्ये व्हीएलडीबी ही या विषयातली जगातली मोठी परिषद मुंबईतच भरली होती. म्हणजे पवईच्या तलावाकाठी हा विचार पस्तीस वर्षांपूर्वी झालाय. पवईहून मंत्रालय किती लांब आहे हो? ट्रॅफिक धरून दीड-दोन तास.

या संशोधनातली एक गोष्ट मला प्रत्येक तहसील कार्यालयात मोठ्या अक्षरात लावावीशी वाटते. ती अशी की प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. एक, ती गोष्ट जगात कधीपासून खरी झाली. दुसरी, ती आपल्या वहीत कधी आली. साधं उदाहरण घ्या, वडील २००९ ला वारले आणि वारसनोंद २०१६ ला झाली. मधली सात वर्षं जमीन कुणाची होती? जगात मुलांची, वहीत वडिलांची. त्या सात वर्षांत कुणी पीककर्ज काढलं, कुणाला नुकसानभरपाई मिळाली, कुणी सही केली, यावर पुढे कोर्टात जी भांडणं होतात त्यातली कितीतरी फक्त या दोन तारखा एकच समजल्यामुळे होतात. एसक्यूएलच्या २०११ च्या स्टँडर्डमध्ये या दोन्ही काळांची सोय अधिकृतपणे आली. २०२५ च्या पोस्टग्रेसमध्येही 'या कालावधीत ही नोंद एकदाच असू शकते' असं बंधन घालायची सोय आलीय, जी फुकट आहे. तेव्हा टेक्नॉलॉजी नाही हे कारण आता चालणार नाही, कारण आहे ते सवयीचं. टेबल बनवताना आम्ही डेव्हलपर लोक नाव, पत्ता, रक्कम, स्टेटस अशा कॉलमनी मोकळे होतो, आणि शेवटी 'अपडेटेड अ‍ॅट' नावाचा एक कॉलम टाकतो ज्यात फक्त शेवटच्या बदलाची वेळ राहते. माझाही हात त्यात बरबटलेला आहे, वीस वर्षांत असे किती टेबल केले असतील देव जाणे. क्लायंट घाईत असतो, आपणही असतो.

आता येतो जोडणीकडे. शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक देण्याची अ‍ॅग्रिस्टॅक योजना सुरू आहे, त्यात सातबाऱ्यावरचा खातेदार आणि आधारवरचा माणूस यांची सांगड घालतात. हेतू चांगलाच आहे. पण सातबाऱ्यावर आमच्या आज्जीचं नाव यसाबाई आहे आणि आधारवर यशोदा. का? कारण गावात तिला सगळे यसाबाई म्हणायचे आणि वारसाच्या वेळी भावाने तेच सांगितलं, आधारच्या कॅम्पला नातीने शाळेच्या दाखल्यासारखं शुद्ध नाव सांगितलं. दोन्ही नावं खरी, सांगणारा वेगळा, प्रसंग वेगळा. २००५ नंतर वारसाहक्क कायदा बदलला आणि लेकींची नावं सातबाऱ्यावर जास्त लागायला लागली, तिथे तर माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव बापाचं का नवऱ्याचं, हा घोळ घराघरात आहे. कॉम्प्युटर काय करणार, दोन स्पेलिंगमध्ये किती टक्के साम्य आहे ते मोजणार. टक्के कमी आले की लाल. म्हणजे ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर हक्क मिळाला तिचाच अर्ज नाव जुळत नाही म्हणून लटकणार. फेरफारात जर 'हे नाव भावाने दिलेल्या वर्दीवरून घेतलं' एवढं मशीनला वाचता येईल असं असतं तर जुळणी करणाऱ्याला निदान कळलं असतं की इथे नावावर फार विसंबू नको, नातं बघ, गट बघ, वय बघ.

रिकाम्या रकान्याची पण एक वेगळीच कथा आहे. कॉडने स्वतःच पुढे सांगितलं की 'माहिती नाही' हे दोन प्रकारचं असतं, एक म्हणजे माहिती असायला हवी पण मिळालेली नाही, आणि दुसरं म्हणजे इथे तो प्रश्नच लागू नाही. विधवा बाईच्या फॉर्ममध्ये नवऱ्याचा आधार नंबर रिकामा आणि आळस करणाऱ्याच्या फॉर्ममध्ये रिकामा, कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. मग पोर्टल काय म्हणतं, 'कृपया सर्व माहिती भरा'. मेलेल्या माणसाचा ओटीपी कुठून आणायचा?

इथे माझ्यावर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. लोक म्हणतील तुला कागदाचं फार कौतुक, त्या कागदावर काय काय झालंय माहितीय का? माहितीय. पानं गायब व्हायची, मधेच वेगळ्या शाईने नाव यायचं, फेरफार पास करायला काय काय द्यावं लागायचं ते गावात सगळ्यांना तोंडपाठ. ऑनलाइन झाल्यावर त्यातलं पुष्कळ बंद झालं, १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा घरी बसून मिळतो, त्यासाठी मी कधीही टाळ्या वाजवीन. कॉम्प्युटरीकरणानंतर गावोगावी चावडी वाचन झालं, लोकांना बसवून सातबारे मोठ्याने वाचून दाखवले आणि चुका विचारल्या, हेही भारीच काम होतं. आणि २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला घेतले, अ.पा.क. सारखे कालबाह्य शेरे काढायला घेतले, म्हणजे दुखणं कुठे आहे ते खात्याला कळलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की मोहीम काढून झाडलोट करावी लागते याचा अर्थ कचरा साठण्याचं कारण तसंच आहे. शेऱ्याला मुदत लिहायची जागा दिली असती तर मोहीम लागली नसती. आज नवीन लहान मुलगा वारस लागला तर चाळीस वर्षांनी त्याच्यासाठी परत मोहीम काढणार का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संदर्भ जपा म्हणजे आणखी माहिती गोळा करा असंच ना? आधीच प्रत्येक अ‍ॅप लोकेशन मागतंय. ई-पीक पाहणीच घ्या, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढायचा, सोबत जीपीएस जातं, सातबाऱ्यावर पीक चढतं. संशोधनपत्रातली कॉन्टेक्स्ट-अवेअर सिस्टीम म्हणतात ती हीच की, जागा आली, वेळ आली, माणूस आला. रेंज आणि सर्व्हर सोडला तर. पण मी म्हणतोय तो संदर्भ वेगळा आहे. माणूस कुठे उभा आहे हा माणसाचा संदर्भ, आणि ही ओळ कुठून आली हा नोंदीचा संदर्भ. पहिल्याचा हव्यास सरकारला आणि कंपन्यांना आपोआप असतोच, कारण त्यातून माणसावर नजर ठेवता येते. दुसऱ्याचा हव्यास कुणालाच नसतो, कारण त्यातून नोंद ठेवणाऱ्यावर नजर ठेवता येते. मला दुसरा हवाय. त्याला माझ्या फोनचं लोकेशन लागत नाही, फक्त वहीने स्वतःबद्दल प्रामाणिक असावं लागतं.

उलट नोंदीचा संदर्भ नीट असेल तर नजर ठेवणं कमीच होईल. हेलन निसेनबॉम या अभ्यासक बाईंनी २००४ मध्ये खासगीपणाबद्दल एक मुद्दा मांडला, की माहिती गुप्त ठेवणं म्हणजे खासगीपणा नव्हे, ज्या प्रसंगात दिली त्या प्रसंगाच्या रीतीप्रमाणे ती वाहिली पाहिजे. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरकडे ठीक, तेच विमा कंपनीकडे गेलं की घात. आपल्याकडे हे आजीबाईलाही कळतं, माजघरातलं बोलणं ओटीवर नेऊ नये म्हणतात ते काय वेगळं आहे? आणि डेटाबेसमध्ये हे करता येतं. २००२ मध्ये आयबीएममधल्या राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी हिप्पोक्रॅटिक डेटाबेस नावाची कल्पना मांडली, वैद्यांच्या शपथेवरून नाव, की प्रत्येक माहितीसोबत ती कुठल्या हेतूने घेतली ते डेटाबेसच साठवेल आणि वेगळ्या हेतूने विचारलं तर देणारच नाही. या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली. आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्यात हेतूवर भर आहे, पण अनुदान, लाभ, दाखले, परवाने यासाठी सरकारला आधीपासून असलेली माहिती नव्याने संमती न घेता वापरायची बरीच मोकळीक ठेवलीय. म्हणजे नेमकं जिथे गरीब माणसाचा संबंध सगळ्यात जास्त येतो तिथेच हेतूचा कॉलम सैल. कायद्यात सैल असला तरी डेटाबेसमध्ये तो कॉलम घालायला कुणी अडवलेलं नाही ना?

खर्चाचं म्हणाल तर त्यात फार दम उरलेला नाही. १९९७ ला डिस्क महाग होती हे कारण मी मान्य करतो. आज गावातल्या पोराच्या मोबाईलमध्ये जेवढी जागा आहे त्यात अख्ख्या तालुक्याचे फेरफार मजकुराच्या रूपात आरामात मावतील आणि वर रील्स पण राहतील. खरा खर्च आहे तो माणसांचा, कॉलम असला तरी तो भरायला लावणं, आणि 'इतर' असं निवडून पुढे जाऊ न देणं. ते कष्टाचं आहे. मीही करून बघितलंय, जिथे कारण लिहायची सक्ती केली तिथे ऑपरेटर लोक एक टिंब टाइप करून पुढे जातात. मग यादी द्या, टिंब नको, अनुभवाने यादी सुधारत जा, हे संशोधनाचंच काम आहे आणि आपल्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांना कृपा करून हे विषय द्या, दरवर्षी तेच ते लायब्ररी मॅनेजमेंट किती दिवस.

सरकारने काय करावं असं कुणी विचारलंच तर माझी पहिली मागणी साधी आहे. माझ्याबद्दलच्या कुठल्याही सरकारी नोंदीवर बोट ठेवलं की 'हे तुम्हाला कुठून कळलं' याचं उत्तर स्क्रीनवर आलं पाहिजे, फेरफार क्रमांक येतो तसंच, रेशनकार्डाला, मतदारयादीला, योजनेच्या यादीला, सगळीकडे. आणि जोडणीत अर्ज लाल झाला तर कुठली नोंद कुठल्या नोंदीशी जुळली नाही ते नावानिशी सांगा, नुसतं 'अपात्र' नको. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ काय म्हणतं ते बघा, हक्कनोंदीतली नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीररीत्या नवीन नोंद येईपर्यंत खरी मानली जाईल. खरी 'मानली' जाईल, खरी आहे असं म्हटलेलं नाही. १९६६ च्या कायद्याला जी नम्रता आहे ती २०२५ च्या पोर्टलला का नसावी? पोर्टलवर तर विरुद्ध सिद्ध करायचं बटणच नसतं.

काकांचं सांगायचं राहिलं. अ.पा.क. शेरा कमी करायचा अर्ज दिला, शाळेचा दाखला जोडला (१९७० च्या दशकातला, चौथी पास), फेरफार क्रमांक पडला आणि नोटीस निघाली, १५ दिवसांत कुणाची हरकत असेल तर कळवावी. काका रात्री फोन करून विचारतात, कुणी हरकत घेतली तर रे? म्हटलं काका घेऊ दे की, तुम्ही अजून लहान आहात असं म्हणणारा कोण आहे ते तरी लेखी कळेल.